गेमिंग लॅपटॉप उन्हाळ्यात १०० अंशांवर: पेस्ट, कूलिंग पॅड, अंडरव्होल्ट की रॅम, आधी काय?

शिरपूर_एडिट

राम राम मंडळी. लग्नसराईचं एडिटिंग चालू आहे आणि लॅपटॉप दुपारी अक्षरशः रांगतोय. पैसे एकाच गोष्टीवर घालता येतील, म्हणून आधी विचारतो.

मशीन: १५.६ इंची, आय७-१२७००एच (सीपीयू, म्हणजे प्रोसेसर), आरटीएक्स ४०६० (जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप), १६ जीबी डीडीआर४-३२०० (एकच पट्टी, दुसरा स्लॉट रिकामा), ५१२ जीबीची एसएसडी. अडीच वर्षं जुना, वॉरंटी संपली आहे. एकदाही उघडलेला नाही.

एकच ४के प्रोजेक्ट, एकच एक्स्पोर्ट सेटिंग. एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वॅट दाखवणाऱ्या प्रोग्राममधले २० मिनिटांनंतर स्थिरावलेले आकडे, दोन्ही वेळा पंखे पूर्ण वेगात:

जानेवारी, खोली २४ अंश: सीपीयू ८४ अंश, ६२ वॅट. जीपीयू ६४ अंश, ६० वॅट.
आता, खोली ४१ अंश: सीपीयू ९९ अंश, ४० वॅट. जीपीयू ८७ अंश, ५० वॅट, हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू) १०१. सीपीयूच्या पी-कोअरमधला (मोठ्या, वेगवान कोअरमधला) आपसातला फरक ५-६ अंश.

वरचा मजला, स्लॅब, फक्त सीलिंग फॅन. समोर चार पर्याय आहेत: (१) दुकानात नेऊन थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे नेणारा लेप) बदलणं, (२) फोमचा घेर असलेला मोठ्या ब्लोअरचा कूलिंग पॅड, (३) अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी करणं, (४) रॅम ३२ करणं. की हे विकून सरळ एचएक्स (इंटेलची जास्त ताकदीची मालिका) प्रोसेसरवाला घ्यावा?

---

भडगाव_९०

भाऊ, पेस्टऐवजी सरळ लिक्विड मेटल लावून टाका. १० अंश हमखास कमी.

---

तापीकाठ

लिक्विड मेटलवर खाली लिहितो, आधी आकडे बघू. खोलीचं तापमान सहसा कोणी लिहीत नाही. ते दिल्यामुळे तुमचा निदानाचा खर्च वाचला आहे.

सीपीयू किती अंशांवर आहे हे एकटं पाहू नका. खोलीपेक्षा किती वर आहे ते काढा आणि वॅटनं भागा. जानेवारीत ८४ उणे २४ म्हणजे ६०, त्याला ६२ वॅटनं भागलं की दर वॅटला साधारण ०.९७ अंश. आता ९९ उणे ४१ म्हणजे ५८, वॅट फक्त ४०, म्हणजे दर वॅटला १.४५ अंश. नुसता उन्हाळा कारण असता तर हा आकडा जवळपास तोच राहिला असता आणि ४१ अंशांच्या खोलीतही सीपीयूनं ६० वॅट पेलले असते. म्हणजे ६० चे ४० झाले ते उन्हामुळे नाही, आतल्या बिघाडामुळे.

आता जीपीयू. जानेवारीत ४० भागिले ६० म्हणजे ०.६७. आता ४६ भागिले ५० म्हणजे ०.९२. सीपीयूचा आकडा दीडपट झाला, जीपीयूचा १.३८ पट. दोन्ही एकदम आणि जवळपास सारखेच चढलेत. पेस्ट गेली असती तर बहुधा एकच चिप सुटून वर गेली असती. शिवाय जीपीयू आणि हॉटस्पॉटमधला फरक १४ अंश आहे, तो ठीक आहे. २० च्या पुढे गेला तर पेस्ट बाजूला सरकली असं समजायचं. पी-कोअरमध्ये ५-६ अंशांचा फरक म्हणजे हीटसिंकही (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) सपाट बसलेलं आहे.

तेव्हा दोष दोघांच्या सामाईक रस्त्यात आहे, म्हणजे हवेच्या वाटेत. जानेवारी ते मे मध्ये आपल्याकडे काय उडतं? रुई. दिवाळीनंतर जिनिंग (कापसातून सरकी काढणारे कारखाने) सुरू झाल्या की फेब्रुवारी-मार्चपर्यंत शिरपूर, चोपडा, अमळनेर, धरणगाव सगळीकडे बारीक तंतू हवेत असतात. साधी धूळ बरीचशी जाळीतून आत येऊन मागून निघून जाते. तंतू तसा जात नाही. पंख्यातून सुटतो आणि हीटसिंकच्या तांब्याच्या पात्यांच्या तोंडाशी आडवा अडकतो, त्यावर दुसरा, त्यावर धूळ, आणि शेवटी नमद्यासारखी पट्टी जमते. पंखा पूर्ण वेगात ओरडतो, पण मागच्या जाळीतून हवा फुंकर मारल्याएवढीच येते. हात धरून बघा. एका बाजूला गरम झोत आणि दुसऱ्या बाजूला जवळपास काहीच नाही, असं असेल तर निदान पक्कं.

ही पट्टी बाहेरून ब्लोअर मारून निघत नाही. जाळीतून हवा मारली की ती उलटी पंख्यात ढकलली जाते, पंखा सुरू झाला की परत जागेवर येऊन बसते. पंखाच काढावा लागतो. क्रम असा:

लॅपटॉप पूर्ण बंद करा (स्लीप नाही), चार्जर काढा. खालच्या झाकणाचे स्क्रू काढताना जसे निघाले तसे कागदावर टोचून ठेवा. बहुतेक मॉडेलमध्ये मागचे लांब आणि पुढचे आखूड असतात. लांब स्क्रू पुढे पिळला तर तो वरच्या बाजूला पामरेस्टला टेंगूळ काढतो. झाकण नखानं किंवा जुन्या एटीएम कार्डानं बिजागरीच्या बाजूपासून उचका, लोखंडी पट्टी घालू नका. उघडल्यावर सगळ्यात पहिलं काम: बॅटरीचा कनेक्टर सोडवा. हे विसरलं आणि स्क्रू बोर्डावर पडला की मशीन गेलं.

पंख्याला साधारण दोन-तीन स्क्रू आणि एक बारीक वायर असते. वायर ओढू नका, प्लास्टिकचं टोक दोन्ही बाजूंनी नखानं पुढे ढकला. बऱ्याच मशीनमध्ये हीटसिंक न हलवता पंखा निघतो, तुमचाही निघत असेल तर पेस्टला आत्ता हातच लावू नका. पंख्याच्या कडेवरून काळी चिकटपट्टी पात्यांवर गेलेली असते. ती सावकाश सोडवा आणि परत लावा, नाहीतर त्या फटीतून हवा पळते आणि साफसफाईचा निम्मा फायदा जातो.

पट्टी चिमट्यानं ओढून काढा. उरलेलं मऊ ब्रशनं पात्यांच्या दिशेनंच झाडा, आडवा घासला तर पाती वाकतात. हवा मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. मोकळा पंखा हवेनं भलत्या वेगात फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि नंतर कायमचा घरघरतो. जिथं गाडीच्या टायरला हवा भरतात तिथला कॉम्प्रेसर तर अजिबात नको. त्याच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं.

एवढं करून तोच प्रोजेक्ट परत चालवा आणि आकडे इथं टाका. त्याआधी एक रुपयाही खर्च करू नका.

---

पांझरा_धुळे

वरच्या निदानाशी सहमत. फक्त तो आकडा कॅलिपरनं मोजल्यासारखा धरू नका. सीपीयू आणि जीपीयूचे हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या) बहुतेक मशीनमध्ये सामाईक असतात, त्यामुळे जीपीयूचे वॅट बदलले की सीपीयूचा आकडाही थोडा हलतो. एकाच कामाची तुलना एकाच कामाशी करायची. इथं तशीच आहे, म्हणून चालतंय.

लिक्विड मेटलबद्दल. ते गॅलियमचं मिश्रण असतं. वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. काही कंपन्या कारखान्यातून लावून देतात, पण तिथं चिपभोवती बांध घातलेला असतो आणि मात्रा यंत्रानं मोजलेली असते. आपल्याकडे लॅपटॉप सॅकमध्ये उभा ठेवून मोटारसायकलवरून खड्ड्यांतून जातो. एक थेंब चिपशेजारच्या बारीक कपॅसिटरवर गेला की बोर्ड गेला. हीटसिंकचा तांब्याचा तळही हळूहळू गॅलियम शोषतं, थर कोरडा पडतो आणि परत लावावा लागतो. जी मशीन रोजीरोटीची आहे तिच्यात हे करू नये, असं माझं ठाम मत आहे.

पेस्ट बदलायची वेळ आलीच तर हनीवेलचं पीटीएम७९५० वापरा. तो पेस्ट नाही, पाव मिलिमीटर जाडीचा पॅड आहे. साधारण ४५ अंशांवर मऊ होऊन पसरतो आणि थंड झाला की परत घट्ट होतो. लॅपटॉपची चिप उघडी असते, वर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं. तापून-निवून पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते, मध्ये कोरडं राहतं. डेस्कटॉपवर नाव कमावलेल्या काही महागड्या पेस्ट म्हणूनच गेमिंग लॅपटॉपमध्ये काही महिन्यांत मान टाकतात. पीटीएम तसा सरकत नाही.

खानदेशात मात्र एक अडचण ठरलेली. ४५ अंशांवर मऊ होणारी वस्तू ४२ अंशांच्या खोलीत कापायला घेतली तर ती वरच्या कागदाला चिकटून फाटते. काम पहाटे करा. पॅड पाकिटासकट १०-१५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पाकिटावरचं दव पुसा, मग कापा. चिपच्या मापापेक्षा चारही बाजूंनी मिलिमीटरभर मोठा. एक बाजूचा कागद सोलून चिपवर ठेवा, बोटानं दाबा, परत गार होऊ द्या आणि दुसरा कागद कोपऱ्यातून झटक्यानं ओढा. कोपरा तुटला तर तो तुकडा तिथंच ठेवून दाबला तरी चालतं, वितळल्यावर मिसळतो. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

हीटसिंकचे स्क्रू आकड्यांनी खुणावलेले असतात. कसताना १, २, ३ असेच, पण दोन फेऱ्यांत: आधी सगळे अर्धे, मग सगळे पूर्ण. सोडवताना उलटा क्रम. लावल्यावर पहिल्या दिवशीचे आकडे बघून निराश होऊ नका. दहा मिनिटं पूर्ण लोड, मग पूर्ण गार, असं तीन-चार वेळा केल्यावर तो बसतो.

दुकानातून करून घेणार असाल तर समोर बसून करून घ्या आणि एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: मेमरी आणि व्हीआरएम (चिपला वीज पुरवणारा भाग) यांच्यावरचे निळे-राखाडी पॅड. फाटले म्हणून अंदाजानं दुसरे लावतात. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा पॅड बसला की हीटसिंक तेवढं उचललं जातं आणि चिपला नीट टेकतच नाही. चार पैशांच्या पॅडनं सगळी मेहनत वाया. जाडी माहीत नसेल तर थर्मल पुट्टी लावायला सांगा. ती कणकेसारखी दबते, जाडीचा प्रश्नच राहत नाही.

---

शिरपूर_एडिट

तापीकाठ दादा, सांगितलं तसं केलं. डाव्या पंख्याच्या तोंडाशी राखाडी पट्टी होती, दोन-तीन मिलिमीटर जाड, पात्यांच्या अख्ख्या रुंदीची. चिमट्यानं ओढली तर उशीतून काढल्यासारखी एका तुकड्यात निघाली. उजव्या बाजूला निम्मी. हीटसिंक हलवलं नाही.

तोच प्रोजेक्ट, खोली ३८: सीपीयू ९३ अंश, ५५ वॅट. जीपीयू ७९ अंश, ६० वॅट.

सीपीयूचा दर वॅटला १ अंश झाला, जीपीयूचा ०.६८. म्हणजे जवळपास जानेवारीवर आलो. पण ९३ सुद्धा जास्तच वाटतं. आता पुढे?

---

तापीकाठ

झकास. पेस्टचे पैसे वाचले. आता राहिला खरोखरच्या उन्हाचा भाग, आणि त्यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे वॅट आखून देणं.

१२७००एचची मर्यादा १०० अंश आहे. मूळ रेटिंग ४५ वॅटचं, टर्बोमध्ये ११५ पर्यंत. कंपनी ते ११५ मोकळे सोडते. रिव्ह्यूवाले ते २२-२५ अंशांच्या एसी खोलीत मोजतात. भुसावळ-जळगावात मेमध्ये बाहेर ४४-४५ असतं आणि स्लॅबखालची खोली ४१. रिव्ह्यूतल्या तापमानाच्या प्रत्येक आकड्यात १६ ते १९ मिळवूनच वाचायचं.

तुमचं गणित: खोली ४१, ठरवलेली कमाल ९०, मध्ये उरतात ४९ अंश. दर वॅटला १ अंश, म्हणजे सलग चालणाऱ्या कामाला ४८-५० वॅट. थ्रॉटलस्टॉप (वॅट बांधायचा प्रोग्राम) उघडा, टीपीएल खिडकीत लाँग पॉवर (सलग कामाची मर्यादा) ५०, शॉर्ट पॉवर (थोड्या वेळाची) ६५, टर्बो टाइम लिमिट २८ सेकंद, दोन्हीपुढे क्लॅम्पची खूण. त्याच खिडकीत एमएमआयओ सिंक करायचा पर्याय आहे, तोही लावा. नाहीतर दुसऱ्या रजिस्टरमधली जुनी मर्यादा मध्ये येते. कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून परफॉर्मन्स मोड बदलला की ते हे आकडे पुसून टाकतं. एकदा मोड ठरवा आणि त्याला हात लावू नका.

वेग किती जाईल? वॅट निम्मे केले म्हणून काम निम्मं होत नाही. शेवटच्या २०-३० वॅटमध्ये व्होल्टेज फार चढतं आणि वेग थोडाच वाढतो. ११५ वरून ५०-६० वर आलं तरी सगळे कोअर भिडवणाऱ्या कामात चौथा-पाचवा हिस्सा जातो. आणि तुमचं मशीन ११५ वर काही सेकंदच राहत होतं, नंतर धडपडत ४० वर पडत होतं. सलग ५० त्याहून कधीही बरे.

अंडरव्होल्टचं म्हणाल तर १२व्या पिढीच्या एच मालिकेत सीपीयूचं व्होल्टेज बहुतेक मशीनवर बायॉसमधून (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) कुलूपबंद असतं. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली, तेव्हापासून कंपन्यांनी ही दारं बंद केली. थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर खिडकीत लॉक्ड दिसत असेल तर नाद सोडा. बायॉस जबरदस्तीनं बदलणारे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका, एक चुकीची किंमत टाकली तर मशीन परत उठत नाही. एचएक्स मालिकेत बऱ्याचदा बायॉसमध्येच सोय असते.

विंडोजमध्ये कमाल प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, असा सल्ला अजून फिरतो. त्यानं टर्बोच बंद होतो आणि तुमचे पी-कोअर २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकतात. १०० अंशांतून वाचायला तो फार मोठा दंड आहे. वॅट बांधणं त्याहून कितीतरी चांगलं.

जीपीयूचं व्होल्टेज मात्र खुलं आहे, आणि खरी मजा तिथंच. आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एफ दाबून कर्व्ह (किती व्होल्टेजला किती वेग ते दाखवणारी रेघ) उघडा. मुख्य खिडकीत कोअर क्लॉक उणे २५० करून अप्लाय करा, म्हणजे अख्खी रेघ खाली येते. मग ९०० मिलिव्होल्टचा ठिपका पकडून २३०० मेगाहर्ट्झवर न्या आणि परत अप्लाय. त्याच्या उजवीकडची रेघ सपाट होईल, म्हणजे ९०० च्या वर व्होल्टेज जाणारच नाही. तासभर जड गेम किंवा रेंडर चालवा. स्क्रीन काळी होऊन परत आली किंवा ड्रायव्हर पडला तर १५-१५ मेगाहर्ट्झनं खाली या. टिकलं तर ८७५ मिलिव्होल्टवर प्रयत्न करा. प्रत्येक चिप वेगळी असते, दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. आणि विंडोज सुरू होताना आपोआप लागू करण्याची खूण आठवडाभर स्थिर चालल्यावरच लावा.

जीपीयूनं वाचवलेला प्रत्येक वॅट त्याच हीटपाइपवरून सीपीयूला मिळतो. गेम खेळताना फ्रेम ९० वर बांधल्या तरी हाच फायदा.

दोन प्रोफाइल करून ठेवा. आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) मृगाचा पाऊस पडेपर्यंत ५० वॅटचं, बाकी वर्षभर ६०-६५ चं.

---

केळीबाग_रावेर

रायझनवाल्यांसाठी (एएमडीचे प्रोसेसर) एवढंच: तिथं युनिव्हर्सल एक्स८६ ट्यूनिंग युटिलिटीमध्ये थेट तापमानाची मर्यादा घालता येते, ९० टाकली की वॅट तो स्वतः सांभाळतो. कर्व्ह ऑप्टिमायझर (तिथला अंडरव्होल्ट) सगळ्या कोअरना उणे १० पासून सुरू करा, ५-५ नं खाली जा. अस्थिर कर्व्ह लोडमध्ये पडत नाही, बऱ्याचदा रिकाम्या डेस्कटॉपवर किंवा स्लीपमधून उठताना पडतो. तेव्हा नुसता बेंचमार्क पास झाला म्हणून निश्चिंत राहू नका. असूसच्या मशीनवर जी-हेल्परमधूनही बरंच जमतं.

कूलिंग पॅडचं. दोन बारक्या पंख्यांचा उघडा स्टँड आणि नुसतं मागून दोन सेंटिमीटर उचलणं, यात फार फरक नसतो. म्हणून आधी बाटलीची दोन झाकणं लावून बघा. गादीवर, गोधडीवर लॅपटॉप ठेवू नका हे सांगायला नको. फोमचा घेर असलेला ब्लोअर पॅड वेगळी गोष्ट आहे. तो खालची सगळी हवा कोंडून आत ढकलतो, त्यामुळे ज्यांची खालची जाळी मोठी आहे त्यांना ठळक फरक पडतो. तीन अटी: लॅपटॉपचे हवेचे तोंड खाली हवे (कीबोर्डमधून ओढणाऱ्याला उपयोग नाही), फोम जाळीच्या बाहेरून पूर्ण बसायला हवा, आणि पॅडला धुता येणारी जाळी हवी. जाळी नसलेला ब्लोअर पॅड जिनिंगच्या हंगामात रुई भरायचं यंत्रच होतो. आवाजही मोठा असतो, शेजारी व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करणं विसरा.

पण लक्षात घ्या, पॅड ४१ अंशांचीच हवा जोरानं ढकलतो. हवा गार करणारी वस्तू आपल्या प्रत्येक घरात आहे: कूलर.

---

पांझरा_धुळे

कूलरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याबद्दल विनाकारण भीती आहे.

मेच्या दुपारी आपल्याकडे हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेचं ओल्या फडक्याचं तापमान २२-२३ येतं. चांगला भिजलेला कूलर मधल्या अंतराचा पाऊण भाग गाठतो, म्हणजे तोंडाशी २८ अंशांची हवा. खोली ३१-३२ वर येते. ४१ ची ३२ झाली म्हणजे सीपीयू, जीपीयू, एसएसडी, बॅटरी, चार्जर सगळेच ९ अंशांनी खाली. ब्लोअर पॅडपेक्षा हे मोठं काम आहे. तापीकाठ यांचं गणित परत मांडा: ९० उणे ३२ म्हणजे ५८ वॅट. फुकटात ८-९ वॅट मिळाले.

अट एकच, समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत कूलर लावला तर तासाभरात हवा ओली होते, गारवा थांबतो आणि दमट हवा तेवढी उरते. पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपला, पण तेव्हा खोलीच ३० वर आलेली असते.

ओलाव्यानं आत दव धरेल ही भीती चुकीची आहे. चालू लॅपटॉप हवेपेक्षा गरम असतो, गरम वस्तूवर दव धरत नाही. खरी भीती तुषारांची. पंप जोरात असला किंवा वाळा-गवताची ताटी विरळ झाली की बारीक थेंब उडतात, आणि बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. थेंब आत जाऊन वाळला की पांढरा डाग राहतो, पुढे तोच ओल धरून कनेक्टर खातो. म्हणून लॅपटॉप कूलरच्या झोतात नको. दोन मीटर लांब आणि बाजूला ठेवा. खात्रीसाठी झोताच्या वाटेत काळा मोबाइल कव्हर अर्धा तास ठेवा. त्यावर पांढरे ठिपके आले तर ताटी बदला. धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घरात बसायची सोय असेल तर दुपारचं एक्स्पोर्ट तिथंच लावा, स्लॅबपेक्षा ती खोली कितीतरी गार असते.

बॅटरी चार्जिंग ८० टक्क्यांवर बांधा, दिवसभर चार्जर लावूनच काम असेल तर ६० वर. भरलेली बॅटरी आणि ४० अंश ही जोडी तिला फुगवते. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, क्लिक घट्ट झाली, तर वापर तिथंच थांबवा.

---

सातपुडा_टेक

चौथा पर्याय कोणी घेतला नाही, तो मी घेतो. माझ्या मते पैसे घालायचेच तर इथंच.

एकच पट्टी असल्यामुळे मेमरीचा रस्ता ६४ बिटचा, निम्मा. दुसरी लावली की १२८. एडिटिंगमध्ये टाइमलाइन ओढताना आणि इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सकडून व्हिडिओ उलगडताना हे जाणवतं. आधी सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या एसपीडी टॅबमध्ये सध्याच्या पट्टीची रँक आणि वेग बघा आणि तशीच १६ जीबी घ्या: डीडीआर४-३२००, सीएल२२, सोडिम (लॅपटॉपच्या मापाची पट्टी). ८ जीबीच्या पट्टीवर १आरx१६ लिहिलेलं असेल तर ती टाळा. त्यात चारऐवजी दोनच बँक ग्रुप असतात, त्याच वेगाची असूनही मागे पडते. दुकानदार हे सांगत नाही, स्टिकर स्वतः वाचा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असो की ऑनलाइन, पट्टीचा फोटो आधी मागा.

पट्टी ४५ अंशांच्या कोनात पूर्ण आत सरकवा, सोनेरी दात जवळपास दिसेनासे झाले पाहिजेत, मग खाली दाबा. लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन एखादं मिनिट काळीच राहिली तर घाबरून बटण दाबू नका, मेमरीचं ट्रेनिंग चालू असतं.

एसएसडी: दुसरा एम.२ स्लॉट असेल तर जुनी काढू नका, नवीन फक्त फुटेज आणि कॅशेसाठी. लांबी बघा, काही ठिकाणी २२८० (८० मिलिमीटर लांब) बसते, काही ठिकाणी २२४२ (४२ मिलिमीटर) च. झाकणाकडे थर्मल पॅड लावा. प्रोसेसर आणि जीपीयू बोर्डालाच जडलेले आहेत, ४०६० ची ८ जीबी मेमरी वाढत नाही, तो विषय सोडा.

आता तुमच्या कामाचा एक मुद्दा, जो तापमानाशी थेट जोडलेला आहे. लग्नाचं फुटेज कॅमेऱ्यातून एच.२६५ मध्ये, ४:२:२ १०-बिट (रंगाची जास्त माहिती ठेवणारा प्रकार) असं येत असेल, तर आरटीएक्स ४० मालिका ते हार्डवेअरवर उलगडत नाही. इंटेलचं आतलं ग्राफिक्स ११व्या पिढीपासून उलगडतं. पुष्कळ जण जास्त फ्रेम मिळतात म्हणून मक्स स्विच (स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सवर चालेल ते ठरवणारी सोय) फक्त जीपीयूवर टाकून ठेवतात. त्यानं काही मशीनवर आतलं ग्राफिक्स पूर्ण बंद होतं, आणि मग तेच फुटेज सीपीयू एकटा उलगडत बसतो, टाइमलाइन नुसती चालवली तरी ९० अंश. एडिटिंगसाठी हायब्रिड मोड, गेमसाठी दुसरा. आणि एच.२६४ मध्ये ४:२:२ १०-बिट असेल तर ते दोघांनाही जमत नाही, तेव्हा प्रॉक्सी (फुटेजची हलकी नक्कल) करा. प्रॉक्सी रात्री लावून झोपा, खोली ३२-३३ असते.

---

शिरपूर_एडिट

सातपुडा दादा, फुटेज एच.२६५ ४:२:२ च आहे आणि मक्स स्विच फक्त जीपीयूवर होता. हायब्रिडवर टाकला, टाइमलाइन चालवताना सीपीयू ५०-५५ वॅटवर जायचा तो आता २० च्या आत आहे.

१६ ची पट्टी मागवतो. विकून एचएक्स घ्यायचा विचार सोडू का? आणि रुई परत जमू नये म्हणून खालच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा लावला तर?

---

तापीकाठ

सोडा. एचएक्सचं मूळ रेटिंगच ५५ वॅटचं, टर्बोत १५० च्या वर. ४१ अंशांच्या खोलीत तोही शेवटी तुमच्या आत्ताच्या वॅटवरच येऊन थांबेल, जोवर हीटसिंक खरोखर मोठं नाही. कधी घ्यायचाच झाला तर प्रोसेसरच्या नावाआधी तीन गोष्टी बघा: सीपीयू आणि जीपीयू दोन्ही एकदम लोडवर मिळून किती वॅट पेलतात, जीपीयूचा स्वतःचा टीजीपी, म्हणजे त्याला मिळणारे कमाल वॅट, किती (४०६० हेच नाव ३५ वॅटलाही असतं आणि ११५ लाही), आणि जाडी-वजन. सव्वादोन किलोच्या खालचं पातळ मशीन आपल्या उन्हाळ्याचं नाही.

मच्छरदाणीचा तुकडा चालेल, पण नोव्हेंबर ते मार्चच. आतून नाही, झाकणाच्या बाहेरून, चारही कडा चिकटपट्टीनं. तंतू बाहेरच दिसतो आणि दर रविवारी बोटानं ओढून काढता येतो. हवा थोडी अडते, दोन-तीन अंशांचा भुर्दंड हिवाळ्यात परवडतो. एप्रिल लागला की काढून टाका आणि त्याच दिवशी पंखे उघडून बघा. दर वॅटचा आकडा आता १ आहे, तो कुठंतरी लिहून ठेवा. १.२ झाला की उघडायची वेळ झाली, मग महिना कुठलाही असो.